बँक बुडाली तरी बोजा बुडत नाही



कर्नाळा बँकेचा विषय निघाला की विचुंब्यात आणि आजूबाजूच्या गावांत दोन प्रश्न हमखास कानावर येतात. ठेवीदार विचारतो, "पैसे कधी मिळणार?" आणि कर्जदार जरा बाजूला घेऊन हळूच विचारतो, "बँकच राहिली नाही, मग कर्ज कोणाला भरायचं? गेलंच ना ते?"

पहिल्या प्रश्नावर मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरले. दुसरा प्रश्न चारचौघांत कोणी विचारत नाही. पण गावची जमीन राहणार की जाणार, हे त्या दुसऱ्या प्रश्नावरच ठरते. म्हणून त्याचे उत्तर आधीच सांगतो. बँक बुडते, कर्ज बुडत नाही. सातबाऱ्यावरचा बोजा तर मुळीच नाही.

काय घडले?

पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेत साठहून अधिक बोगस कर्जखात्यांतून सुमारे ५१२ कोटी रुपये वळवल्याचा आरोप झाला. २०२० मध्ये गुन्हा दाखल झाला. जून २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने, म्हणजे ईडीने, बँकेचे माजी अध्यक्ष व माजी आमदार विवेक पाटील यांना अटक केली. आरोप खरे की खोटे ते न्यायालय ठरवील. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्नाळा बँकेचा परवाना रद्द केला.

आपल्या जिल्ह्याला हा अनुभव नवा नव्हता. २०१० मध्ये पेण अर्बन बँकेवर निर्बंध आले तेव्हा ठेवींना विम्याचे संरक्षण होते फक्त एक लाखाचे. ही मर्यादा १९९३ पासून तशीच होती. पेणच्या ठेवीदारांनी वर्षानुवर्षे चपला झिजवल्या. पुढे सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईची पीएमसी बँक अडचणीत आली. तिचे सत्तर टक्क्यांहून जास्त कर्ज एकाच बांधकाम समूहाकडे अडकले होते. त्यानंतर सरकार हलले आणि फेब्रुवारी २०२० पासून ठेवविमा पाच लाखांचा झाला.

कर्नाळ्याच्या ठेवीदारांना या वाढीव मर्यादेचा लाभ झाला. परवाना रद्द करताना रिझर्व्ह बँकेनेच सांगितले होते की, सुमारे ९५ टक्के ठेवीदारांना आपली पूर्ण रक्कम विमा महामंडळाकडून मिळेल. पेणच्या तुलनेत ही मोठीच सुधारणा, ती मान्य केली पाहिजे.

पाच लाखांच्या पुढचे काय?

इथून पुढची वाट बिकट आहे. आपल्या पट्ट्यात जमीन संपादनाचे किंवा विक्रीचे पैसे एकरकमी हातात येतात. वडिलांनी जमीन दिली, मिळालेले वीस-पंचवीस लाख जवळच्या बँकेत ठेवले, अशा घराला पाच लाख मिळून भागत नाही. वरची रक्कम कुठून येणार? बँकेची मालमत्ता विकून आणि कर्जे वसूल करून. दुसरा मार्ग नाही. शिवाय विमा महामंडळाने दिलेले पैसेही याच वसुलीतून परत करायचे असतात.

म्हणजे एकाची अडकलेली ठेव ही दुसऱ्याच्या थकलेल्या कर्जात असते. गावात तर कित्येकदा दोन्ही एकाच घरात सापडतात. बापाची ठेव, आणि मुलगा कुणाच्या तरी बांधकाम कर्जाला जामीन.

कर्नाळा प्रकरणात ईडीने २०२१ मध्ये सुमारे २३४ कोटींच्या आणि २०२३ मध्ये सुमारे १५२ कोटींच्या मालमत्तांवर टाच आणली. कर्नाळा स्पोर्ट्स अकॅडमी त्यातच आली. या सुमारे ३८६ कोटींच्या मालमत्ता ठेवीदारांच्या भरपाईसाठी परत देण्यास २०२५ मध्ये विशेष न्यायालयाने मान्यता दिली. टाच येण्यापासून इथवर यायला चार वर्षे गेली. टाच म्हणजे पैसे नव्हेत. लिलाव व्हावा लागतो, योग्य भावाचा गिऱ्हाईक यावा लागतो, मग कुठे वाटप.

मोठ्यांना एक सोय, लहानांना दुसरी

आयर्लंड देशात २००८ नंतर जमिनी आणि इमारतींचा भाव कोसळला, बँका बुडायला आल्या. तिथल्या सरकारने २००९ मध्ये 'नामा' नावाची संस्था काढली. तिने बँकांची ७४ अब्ज युरोंची जमीन-बांधकामाची कर्जे सुमारे ३२ अब्जांना विकत घेतली आणि मालमत्ता सावकाश, भाव बघून विकल्या. आपल्याकडेही २०२१ मध्ये बुडीत कर्जांसाठी राष्ट्रीय कंपनी स्थापन झाली. केंद्राने तिच्यासाठी ३०,६०० कोटींची हमी दिली. पण ती मोठ्या बँकांच्या शेकडो कोटींच्या कर्जांसाठी. तालुक्याच्या सहकारी बँकेच्या वाट्याला येतो तो सहकार खात्याने नेमलेला अवसायक. बंद बँकेचा हिशेब मिटवणारा हा अधिकारी, त्याच्या हाताखाली मोजकी माणसे आणि ढीगभर फायली. तक्रार कोणा अधिकाऱ्याबद्दल नाही, व्यवस्थेबद्दल आहे. लहान ठेवीदाराला तातडीने पैसे देण्याची सोय सरकारने केली, पण अडकलेल्या मालमत्ता लवकर व चोख भावाने विकण्याची सोय लहान बँकांसाठी अजून केलेली नाही.

जमिनीवर वसुली कशी येते?

मार्ग दोन आहेत, आणि दोहोंत फरक आहे.

पहिला, २००२ चा सरफेसी कायदा. यात बँक न्यायालयात न जाता गहाण मालमत्ता ताब्यात घेऊ शकते. सहकारी बँकांना तो लागू नाही असे पुष्कळजण अजूनही सांगतात. ते विसरा. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२० रोजी हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निकाल दिला. आधी साठ दिवसांची नोटीस येते. तिला लेखी उत्तर द्यावे. मग ताबा, आणि विक्रीपूर्वी तीस दिवसांची नोटीस. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते.

या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. पण शेतजमीन कोणती? हे नीट ऐका. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ आणि २०२३ च्या निकालांत सांगितले की, महसुली दप्तरात शेती लिहिले एवढ्याने भागत नाही. तिथे खरोखर शेती होते का, गहाण ठेवताना जमिनीचा उपयोग काय होता, हे पाहिले जाईल. आणि शेती होते हे कर्जदाराने सिद्ध करायचे.

विचुंबे नैना क्षेत्रात. नवीन पनवेल खेटून. भाव चढल्यामुळे कित्येक खाचरे पड आहेत. "विकायचीच आहे, लावायची कशाला?" असे म्हणून बांध फुटले, खाचरात भराव पडला, एका कोपऱ्यात गाळे उभे राहिले. अशा जमिनीवर कर्ज थकले तर शेतजमिनीचे कवच मिळेलच असे धरून चालू नका. उलट खरिपाला भात, मागून ओलीवर वाल, बांधावर तूर, आणि ही सगळी पिके ई-पीक पाहणीत दरवर्षी नोंदलेली असतील तर तुमच्या हाती पुरावा आहे. पीक पाहणीची नोंद आपण फक्त नुकसानभरपाईसाठी करतो. ती जमीन शेतीची असल्याची साक्षही आहे.

दुसरा मार्ग सहकार कायद्याचा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो आणि नियम १०७ प्रमाणे जप्ती व लिलाव होतो. इथे शेतजमिनीला सरफेसीसारखे कवच नाही. दाखल्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर निम्मी रक्कम आधी भरावी लागते. म्हणून दाखला निघण्यापूर्वी सुनावणीची नोटीस येते तेव्हाच हजर राहा. नोटीस घेतली नाही की प्रकरण टळले, हा समज फार घरांना महागात पडला आहे.

जामीनदार म्हणजे नुसती सही नव्हे

समजा, मित्राने गाळे बांधायला तीस लाख काढले आणि तुम्ही चहा पिता पिता जामिनाची सही केली. कर्ज थकले. बँकेने आधी मित्राकडून वसूल करावे आणि मग तुमच्याकडे यावे, अशी तुमची अपेक्षा. कायदा तसे म्हणत नाही. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच असते. आधी तुमच्या दारात यायलाही हरकत नाही. बँक बंद पडल्यावर हाच हक्क अवसायकाकडे जातो.

आता करायचे काय?

१) आपला सातबारा काढा आणि इतर हक्काचा रकाना वाचा. कुठल्या बँकेचा किती बोजा आहे, कोणत्या फेरफाराने चढला, ते टिपून ठेवा. न घेतलेल्या कर्जाचा बोजा दिसला तर त्याच आठवड्यात तहसीलदार, सहायक निबंधक आणि पोलीस ठाणे यांच्याकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या.

२) कर्ज फेडूनही बोजा तसाच राहिला असेल तर ना-देणे दाखला घेऊन तो कमी करून घ्या. बँक बंद असेल तर दाखला आणि गहाण ठेवलेले मूळ दस्त अवसायकाकडून मागायचे. भरणा पावत्या जपून ठेवा. बंद बँकेच्या दप्तरात तुमची नोंद सापडेलच असे नाही.

३) एकाच बँकेत स्वतःच्या नावावर, व्याज धरून, पाच लाखांच्या वर ठेवू नका. शाखा वेगळ्या केल्याने विमा वाढत नाही. त्याच बँकेचे देणे असेल तर ते ठेवीतून वळते होऊ शकते. आणि पतसंस्थेतील ठेवीला हा विमा लागूच नाही.

४) कर्ज थकलेच असेल तर एकरकमी परतफेडीची विचारणा करा. राज्य सरकार नागरी सहकारी बँकांसाठी अशी योजना वेळोवेळी आणते. सध्या मुदत चालू आहे का, आपले कर्ज बसते का, हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात विचारा. गैरव्यवहाराच्या कर्जांना त्यात सवलत नसते.

सरपंच आणि तलाठी भाऊसाहेबांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, एक विनंती. लिलावाची जाहीर नोटीस गावात येते तेव्हा ती फळ्यावर एका कोपऱ्यात लावून मोकळे होऊ नका. ग्रामसभेत वाचून दाखवा. लिलाव गुपचूप झाला तर जमीन मातीमोल जाते. मग कर्जदाराचे देणे फिटत नाही आणि ठेवीदाराच्या हातीही कमी पडते. लिलाव उघड झाला, बोली चढली, तर दोघांचेही हित.

आणि सहकार खात्याला गावाने ग्रामसभेचा ठराव करून विचारावे. किती मालमत्ता विकल्या, किती रक्कम आली, कोणाला वाटली, याचा तिमाही हिशेब तालुक्याच्या फलकावर का लागू नये? ठेवीदाराला तो मागण्याचा हक्क आहे. प्रामाणिक कर्जदारालाही आहे, कारण त्याने भरलेला प्रत्येक हप्ता कोणा शेजाऱ्याच्या ठेवीत जाणार आहे.

नियम १०७ मधली एक तरतूद शेवटी सांगतो, कारण ती वेळेवर कळली तर जमीन वाचते. लिलाव झाल्यावरही तीस दिवसांच्या आत संपूर्ण देणे, खर्च आणि खरेदीदारासाठी बोलीच्या पाच टक्के रक्कम भरली तर लिलाव रद्द करून घेता येतो. एकतिसाव्या दिवशी पैसे घेऊन गेलात तर हा मार्ग बंद झालेला असतो. तेव्हा घरात नोटीस आली असेल तर ती आज काढा, तिच्यावरची तारीख वाचा आणि उद्याच संबंधित कार्यालयात जा.