तुमचे युनिट कोणी खाल्लेले नाहीत

विरार पूर्वेला फुलपाड्यातून पापडखिंड धरणाच्या दिशेने जाताना बैठ्या घरांच्या छपरांवर आणि इमारतींच्या गच्च्यांवर आता सोलर पॅनेल दिसू लागले आहेत. पॅनेल वाढले तशी एक तक्रारही वाढली आहे. मोबाईलवरचे इन्व्हर्टरचे अॅप आणि विजेचे बिल शेजारी शेजारी धरून माणूस सांगतो, ‘हे बघा, अॅपमध्ये महिन्याचे ३३० युनिट, बिलात एक्स्पोर्ट फक्त २१०. मधले १२० कंपनीने खाल्ले.’ ऐकणारा मान डोलावतो, पुढच्या चौघांना तेच सांगतो आणि सोलर बसवायच्या विचारात असलेले एखादे घर माघार घेते.

हे मी इतक्यांदा ऐकले आहे की आता ते शांतपणे ऐकून घेणे कठीण जाते. ते १२० युनिट त्याच घरात, त्याच माणसाने वापरलेले असतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते एकाच गोष्टीचे आकडे नाहीत.

पॅनेलची वीज इन्व्हर्टरमधून उतरते ती थेट घराच्या वायरिंगमध्ये. त्या क्षणी घरात फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर जे काही चालू असेल ते ही वीज आधी ओढून घेते. उरलेली तेवढी नेट मीटरमधून बाहेर पडते आणि बहुतेक वेळा त्याच डीपीवरच्या शेजारच्या घरांत खर्च होते. नेट मीटर बसलेला असतो घराच्या दाराशी. सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आत आलेल्या आणि बाहेर गेलेल्या गाड्या वहीत लिहितो. ए विंगकडून बी विंगकडे गेलेली गाडी त्याच्या वहीत येत नाही. नेट मीटरचेही तसेच. छपरावर किती वीज बनली हे त्याला कळत नाही. बाहेर किती गेली आणि आत किती आली, एवढेच तो मोजतो. बनलेल्या विजेची नोंद इन्व्हर्टरकडे असते, आणि जनरेशन मीटर बसवला असेल तर त्याच्याकडे.

आता वरचाच हिशेब पुरा करू. महिन्याला ३३० युनिट बनले. दिवसा घरात १२० वापरले गेले, २१० बाहेर गेले. सूर्य मावळल्यावर लाइनवरून १६० युनिट आत आले. बिलात इम्पोर्ट १६०, एक्स्पोर्ट २१०, म्हणजे ५० युनिट तुमच्या खात्यावर शिल्लक. घराचा खरा वापर किती? १२० अधिक १६०, म्हणजे २८०. बनवलेल्या ३३० मधून हे २८० वजा करा. उत्तर पुन्हा ५०. एकही युनिट हरवलेला नाही. ते १२० युनिट एक्स्पोर्टमध्येही धरायचे म्हटले तर एकच वीज दोनदा मोजावी लागेल: एकदा तुम्ही वापरलेली म्हणून आणि पुन्हा तुम्ही दिलेली म्हणून.

यावरही विश्वास बसत नसेल तर मीटरपाशी जाऊन खात्री करा. स्वच्छ उन्हाच्या दुपारी घरातल्या बाकीच्या एमसीबी पाडा. मेन स्विच आणि सोलरची एमसीबी मात्र चालू राहू द्या. मीटरचा डिस्प्ले आपोआप बदलत जातो, किंवा बटण दाबून पुढे नेता येतो. त्यावर इम्पोर्ट आणि एक्स्पोर्टचे आकडे वेगवेगळे येतात. काही मीटरांवर शब्द नसतात, नुसते कोड असतात: १.८.० म्हणजे आत आलेली वीज, २.८.० म्हणजे बाहेर गेलेली. दोन्ही आकडे लिहून घ्या. इन्व्हर्टर त्या वेळी दोन किलोवॅट दाखवत असेल तर अर्ध्या तासात एक्स्पोर्टचा आकडा साधारण एका युनिटने पुढे जायला हवा आणि इम्पोर्टचा जागेवर थांबायला हवा. तसे झाले तर मीटर ठीक आहे. आकडा हललाच नाही, तर लेखी तक्रार जरूर करा.

गडबड कधीच होत नाही असे माझे म्हणणे नाही. होते, आणि ती कुठे होते हे माहीत असायला हवे. नेट मीटर बसला पण बिलिंगमध्ये ग्राहकाची नोंद बदलली नाही, तर बिल नुसत्या इम्पोर्टवर येते आणि एक्स्पोर्टचा रकाना कोराच राहतो. दुसरी गडबड जास्त महागात पडते. पॅनेल चढले, इन्व्हर्टर लागला, नेट मीटर अजून आलेला नाही, आणि बसवणारा सांगतो, ‘तोपर्यंत चालू करून टाकू.’ करू नका. साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बरेचदा प्रवाहाची दिशा पाहत नाहीत. बाहेर गेलेली वीजही ते वापर म्हणूनच जोडतात. तुम्ही दिलेल्या विजेचे पैसे तुमच्याकडूनच वसूल होतात, आणि दोष मात्र सोलरला लागतो.

बिलातल्या वजाबाकीचा फायदा लोकांना वाटतो त्याहून मोठा आहे. घरगुती दर स्लॅबचे असतात: पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढचे आणखी महाग. नेट मीटरिंगमध्ये स्लॅब लागतो तो वजाबाकीनंतर उरलेल्या युनिटांना. वरच्या २८० युनिटांच्या घराने एकच किलोवॅट बसवला आणि महिन्याला ११० युनिट मिळाले, तर १७० उरतात. जे कापले गेले ते सगळे वरच्या स्लॅबमधले. म्हणून लहान यंत्रणेतला प्रत्येक युनिट मोठ्या यंत्रणेतल्या शेवटच्या युनिटापेक्षा जास्त पैसे वाचवतो.

याच्याच जोडीला दुसरा गैरसमज येतो: जितके मोठे बसवाल तितकी कमाई, जास्तीची वीज कंपनी विकत घेते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे छतावरील नवीकरणीय ऊर्जेचे विनियम २०१९ मध्ये आले. त्यांत शिल्लक युनिट महिन्यामागून महिना पुढे जातात, पण ते आर्थिक वर्षापुरते. ३१ मार्चला जे उरतील त्यांचा आयोगाने त्यासाठी मान्य केलेल्या दराने मोबदला मिळतो आणि खाते पुन्हा शून्यावर येते. हा दर वरच्या स्लॅबमध्ये आपण भरतो त्या दरापेक्षा बराच कमी असतो. हे कमाईचे साधन नाही. स्वतःचा वापर भागवण्याचे साधन आहे, आणि त्यासाठी ते उत्तम आहे.

आपल्या किनारपट्टीवर ही ३१ मार्चची तारीख नीट समजून घ्यायला हवी. एप्रिल-मेमध्ये ऊन भरपूर, पण एसी आणि पंखेही जोरात, त्यामुळे फारशी शिल्लक पडत नाही. जी पडते ती जून ते सप्टेंबरच्या ढगाळ दिवसांत कामाला येते. ऑक्टोबरनंतर आभाळ मोकळे होते, थंडीत पंखेसुद्धा बंद होतात आणि शिल्लक भराभर साठते. ती जिथे सर्वाधिक उपयोगी पडली असती तो एप्रिल उजाडायच्या आदल्या दिवशीच खाते साफ होते. त्यामुळे हिवाळ्यातले फुगलेले आकडे पाहून आणखी पॅनेल चढवू नका.

आकार ठरवायचा तो वर्षाच्या वापरावरून. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो जोडून पाहा. एक किलोवॅट महिन्याला सरासरी १२० युनिटांपर्यंत देतो आणि त्याला शंभरेक चौरस फूट मोकळी जागा लागते. वर्षाला २,४०० युनिट वापरणाऱ्या घराला दोन किलोवॅट पुष्कळ झाले. तरी अशा घरांना तीन किलोवॅट गळ्यात मारले जातात, कारण पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॅटला ६०,००० रुपये अनुदान आहे आणि तीनला ७८,०००. अठरा हजारांच्या मोहात एक किलोवॅट जास्तीचा घेतला जातो आणि त्याची बरीचशी वीज दर मार्चला कमी दराने जाते.

बाकीचे गैरसमज लवकर उरकतात. ‘सरकार ३०० युनिट फुकट देते.’ कोणी देत नाही. ती वीज तुमच्याच पॅनेलने बनवायची असते, योजना बसवण्याच्या खर्चात मदत करते. ‘बिल शून्य येते.’ युनिटांचे येऊ शकते, स्थिर आकार भरावाच लागतो. ‘बॅटरीशिवाय रात्री अंधार.’ नेट मीटरिंगला बॅटरी लागत नाही, रात्रीची वीज नेहमीच्याच लाइनवरून येते. ‘उन्हाळा जितका कडक तितकी वीज जास्त.’ पॅनेलला प्रकाश हवा असतो. तापला की त्याची निर्मिती उलट घटते. ‘नेट मीटरिंग आता बंद झाले.’ या अफवेचे मूळ २०२० च्या अखेरीस आलेल्या केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत आहे. तेव्हा मर्यादा १० किलोवॅटवर आणली होती, जून २०२१ मध्ये ती ५०० किलोवॅटपर्यंत वाढवली. घरगुती ग्राहकाला पहिल्या मर्यादेनेही फारसा फरक पडत नव्हता. २०२४ च्या दुरुस्तीनंतर तर १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची तपासणीही लागत नाही.

लाइट गेली तरी सोलरवर घर चालेल, हा समज मात्र एका ओळीत सोडता येत नाही, कारण यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. बॅटरी नसलेली नेट मीटरची यंत्रणा लाइन गेली की भर उन्हातसुद्धा स्वतःहून बंद होते, आणि तिने तसे व्हावे हा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या जोडणी मानकांचा भाग आहे. पावसात झाड पडून तार तुटते, वायरमन लाइन बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी एखाद्या छपरावरून वीज तारेत येत राहिली तर तो मरेल. ‘लाइट गेल्यावरही चालेल असे करून देतो’ म्हणत कोणी इन्व्हर्टरचे हे संरक्षण काढायला निघाला, तर त्याला गच्चीवर पाय ठेवू देऊ नका. लाइट गेल्यावरही घर चालवायचे असेल तर त्यासाठी बॅटरीसह वेगळा हायब्रिड इन्व्हर्टर मिळतो. लाइन गेली की तो घराला लाइनपासून आधी तोडतो आणि मगच वीज देतो. तो महाग आहे.

इमारतीत राहणारे म्हणतात, गच्ची सगळ्यांची, आम्हाला यातले काही मिळणार नाही. गच्ची सगळ्यांची आहे म्हणूनच सोसायटीने पुढे यावे. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांचा सामायिक मीटर सोसायटीच्या नावावर असतो, त्याला नेट मीटरिंग मिळते, आणि सूर्यघर योजनेत अशा सामायिक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. पंप शक्य तेवढा दिवसा चालवला तर ती वीज गच्चीवरून थेट पंपात जाईल. मग बिलातला एक्स्पोर्टचा आकडा लहान दिसेल, आणि त्या महिन्याच्या सभेत खजिनदाराला कोणीतरी विचारेल की बाकीचे युनिट गेले कुठे. त्याने निर्मितीचा आकडा आणि बिल दोन्ही सभेपुढे ठेवून वजाबाकी करून दाखवावी.