कुंपणाला करवंदं का लागत नाहीत?

मे महिन्यात अंबरनाथ-बदलापूरच्या बाजारात पानांच्या द्रोणांतून करवंदं येतात. ती घेणारेच सोसायटीच्या कुंपणाला मात्र ड्युरांटा लावतात, याचं मला नवल वाटतं. ड्युरांटा मूळचा उष्ण अमेरिकेतला. सोनेरी पानांचा प्रकार सतत कातरला जातो, म्हणून फळांवर येत नाही. मोकळा वाढला की नारिंगी मण्यांचे घोस लोंबतात. पक्षी ते खुशाल खातात, माणसाला मात्र ते विषारी.

करवंदाची जाळी कुंपणाचं तेच काम करते. बारमाही हिरवी चिवट पानं, कुत्र्या-गुरांना अडवणारे दुबेळके काटे, जुईसारखी पांढरी सुवासिक फुलं. वर खायला फळ. तरी हौसेने लावलेल्या कुंपणाला बऱ्याचदा करवंद धरत नाही. दोष रोपाचा नसतो, कात्रीचा असतो. करवंदाची फुलं फांदीच्या शेंड्यांवर झुबक्याने येतात. कुंपण सरळ दिसावं म्हणून माळी नेमके उन्हाळ्याच्या तोंडावर शेंडे उडवतो आणि त्यांच्याबरोबर मोहोरही जातो. छाटणी करावी ती फळं उतरल्यावर, पावसाच्या सुरुवातीला. ओळ थोडी वाकडी दिसेल, दिसू द्या.

करवंद कण्हेरीच्या कुळातलं. फळं घातक असलेली पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टीही त्याच कुळातली आणि चीक दोघांनाही पांढरा. त्यामुळे चीक पाहून निवाडा करू नये, झाड नीट ओळखावं.

अंबरनाथच्या बुवापाड्यात ज्यांच्या दाराशी अंगण नाही, त्यांना मोठी कुंडी किंवा जुनं पिंपही चालेल. हे झुडूप डोंगरउताराच्या मुरमाड जमिनीत वाढणारं, त्याला कोरड सोसते, साचलेलं पाणी सोसत नाही. तळाला भोकं हवीत, मातीत मुरूम हवा आणि दिवसभराचं ऊन. बी साठवून ठेवलं की रुजण्याची ताकद लवकर जाते. खाल्लेल्या करवंदाचं बी धुऊन लगेच पेरलेलं बरं. फळाला दोन-तीन वर्षं थांबावं लागतं.

मग ‘कोंबडा की कोंबडी’ हा खेळ घरच्या घरी. आतून लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. हा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा, जांभळाला जांभळं करणारंही तेच. कच्च्या करवंदात आंबटपणाबरोबर पेक्टिनही भरपूर असतं, म्हणून लोणच्यापुरती काढून उरलेल्या फळांची जेली चांगली जमते.