वाली नसलेलं सॉफ्टवेअर कधी निवृत्त करायचं? 'डेबियन'मध्ये हा निर्णय असा होतो

घरच्या कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती टाकली आणि रोजच्या वापरातला एखादा प्रोग्राम सापडेनासा झाला, असा अनुभव अनेकांना येतो. दुकानाचा हिशेब ठेवायचा, फोटो लावायचा किंवा मुलांनी टायपिंग शिकायचा असा एखादा छोटा प्रोग्राम असतो. कालपर्यंत तो व्यवस्थित चालत होता. मग तो काढला कोणी? आणि चालतं सॉफ्टवेअर काढायचंच कशाला?

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घेण्यासाठी आपण 'डेबियन' या मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीमचं उदाहरण पाहू. 1993 मध्ये इयान मर्डॉक यांनी ती सुरू केली. कोणीही ती मोफत घ्यावी, आतला कोड वाचावा आणि हवा तसा बदलावा, अशी मुभा आहे. जगभर वापरली जाणारी 'उबंटू' डेबियनच्याच पायावर उभी आहे. आपल्याकडे सी-डॅकने तयार केलेली 'बॉस' ही भारतीय ऑपरेटिंग सिस्टीमही डेबियनवरच आधारलेली आहे. डेबियन कॉम्प्युटरवर टाकताना मराठी भाषाही निवडता येते.

प्रत्येक पॅकेजला एक जबाबदार माणूस

डेबियनमध्ये प्रत्येक प्रोग्राम 'पॅकेज' म्हणून येतो. ऑगस्ट 2025 मध्ये आलेल्या डेबियन 13 या आवृत्तीत 69,830 पॅकेजेस आहेत. तिच्यात 14,100 हून अधिक नवी पॅकेजेस आली आणि 8,840 हून अधिक कालबाह्य म्हणून निघाली. निघालेली सगळीच बेवारस होती असं नाही, कारण काहींची जागा नव्या पॅकेजेसनी घेतली. तरी या आकड्यांवरून एक गोष्ट कळते. काढणं हा अपघात नाही, तो नेहमीच्या कामाचाच भाग आहे.

प्रत्येक पॅकेजवर ते सांभाळणाऱ्या व्यक्तीचं किंवा गटाचं नाव असतं. त्याला 'मेंटेनर' म्हणतात. चूक सापडली, सुरक्षेतलं छिद्र उघडं पडलं, तर दुरुस्तीची जबाबदारी त्याची. ही माणसं बहुतेक स्वयंसेवक आहेत. नोकरी बदलते, घरी आजारपण येतं, मुलं होतात, कधी नुसता कंटाळा येतो आणि मग माणूस बाजूला होतो. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त त्याने तसं जाहीर करावं, अशी अपेक्षा असते. तसं जाहीर झालं की पॅकेज 'अनाथ' म्हणून नोंदलं जातं आणि कोणीही पुढे येऊन ते 'दत्तक' घेऊ शकतं. डेबियनमध्ये हेच शब्द वापरले जातात.

काही वेळा मेंटेनर काही न सांगताच गप्प होतो. अशा वेळी दुसऱ्या कोणाला ते पॅकेज सांभाळायचं असेल, तर त्याने आपला इरादा जाहीर करायचा आणि किमान 21 दिवस थांबायचं, असा नियम आहे. जुन्या माणसाला उत्तर द्यायची संधी मिळाल्याशिवाय त्याचं काम कोणी घेत नाही.

काढायचं कधी?

पॅकेज अनाथ झालं म्हणून लगेच काढत नाहीत. ते काम करत असेल आणि त्यात गंभीर दोष नसेल, तर ते वर्षानुवर्षं राहू शकतं. पाच वर्षांत बदल झाला नाही म्हणजे सॉफ्टवेअर मेलं, असंही नाही. काही छोटे प्रोग्राम खरोखरच पूर्ण झालेले असतात.

खरा प्रश्न गंभीर दोष सापडल्यावर येतो. दोष नोंदवला जातो, मेंटेनरला सूचना जाते, मुदत मिळते. तरीही दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या आवृत्तीची तयारी जिथे चालते त्या 'टेस्टिंग' विभागातून पॅकेज आपोआप निघतं. दुरुस्ती झाली की ते परत येऊ शकतं. डेबियनमधून कायमचं काढायचं असेल, तर वेगळी मागणी नोंदवावी लागते. दुसरी कोणती पॅकेजेस त्यावर अवलंबून आहेत, हे त्याआधी तपासलं जातं. एक वीट काढताना वरची भिंत कोसळणार नाही ना, हे बघण्यासारखंच ते आहे.

कधी दोष प्रोग्रामचा नसतो, त्याच्या पायाचा असतो. पायथन 2 या प्रोग्रामिंग भाषेची देखभाल तिच्या निर्मात्यांनी 1 जानेवारी 2020 रोजी थांबवली. तारीख कितीतरी आधी जाहीर झालेली होती. ज्यांचे मेंटेनर जागे होते, ते प्रोग्राम पायथन 3 वर आले. जे आले नाहीत, ते हळूहळू गळत गेले. 2023 च्या डेबियन 12 मध्ये पायथन 2 उरलंच नाही.

'पण लोक वापरतात ना?'

वाद होतो तो इथेच. डेबियनकडे वापराचा अंदाज देणारी एक मोजणी आहे. पण जे स्वतःहून होकार देतात, तेच तिच्यात मोजले जातात. म्हणजे खरा आकडा नेहमीच जास्त असतो. शिवाय वापरणारे थोडे असले, म्हणून त्यांची गरज कमी ठरत नाही.

तरीही फक्त वापरणाऱ्यांच्या संख्येवर निर्णय होऊ शकत नाही. यादीत नाव दिसलं की आपण समजतो, याच्यामागे कोणीतरी उभं आहे. उद्या त्यात छिद्र सापडलं आणि बुजवायला कोणीच नसेल, तर ते नाव यादीत ठेवणं म्हणजे आपल्याला खोटा दिलासा देणं. जितके वापरणारे जास्त, तितका धोका मोठा. म्हणून विचारायचा प्रश्न 'किती जण वापरतात' एवढाच नाही. 'बिघडलं तर कोण धावून येणार', हाही आहे.

मेंटेनरचं नाव लागलेलं असलं, तरी तो एकटा आणि थकलेला असेल, तर धोका टळत नाही. मार्च 2024 मध्ये 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात मुद्दाम ठेवलेलं चोरदार सापडलं. वर्षानुवर्षं ते मुख्यतः एकच स्वयंसेवक सांभाळत होता. कामाला उशीर होतो म्हणून लोक त्याला टोचत होते. अशात 'जिया टॅन' या नावाने कोणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं काम करून विश्वास मिळवला आणि मग घात केला. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागतोय, याची शंका आली, म्हणून ते उघडकीस आलं. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते पोहोचलं नव्हतं, पण चाचणीच्या विभागांत शिरलं होतं. एक्सझेडवर इतकं काही अवलंबून आहे की ते काढून टाकणं हा पर्यायच नव्हता. अशा ठिकाणी उपाय एकच, थकलेल्या माणसाला वेळेवर साथ देणं.

आपण काय करायचं?

पॅकेज डेबियनमधून निघालं, तरी आपल्या कॉम्प्युटरवरची प्रत सहसा लगेच पुसली जात नाही. ती चालत राहते, पण तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबतं. म्हणून तिच्यातला हिशेब, पत्ते, फोटो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडतील अशा रूपात आधीच काढून ठेवावेत. नवी आवृत्ती टाकण्यापूर्वी तिच्या सूचना वाचाव्यात. जुनी पॅकेजेस डेबियनच्या 'स्नॅपशॉट' संग्रहात जपून ठेवलेली असतात, त्यामुळे अडलेल्याला ती शोधता येतात. मात्र असा जुना प्रोग्राम इंटरनेटला जोडलेल्या कॉम्प्युटरवर वापरणं धोक्याचं आहे.

आणि घरात कॉम्प्युटर शिकणारं मुलगा-मुलगी असेल, तर अनाथ पॅकेजेसची यादी त्यांना जरूर दाखवावी. ती सर्वांसाठी खुली आहे. एखादी चूक नीट नोंदवण्यापासून, एखादं भाषांतर सुधारण्यापासून सुरुवात होते. आपल्याला लागणारा प्रोग्राम पुढच्या आवृत्तीत टिकावा असं वाटत असेल, तर तो सांभाळणारं एक नाव आपल्या घरातलंही असू शकतं.