मोटारीचे लोंबणारे छत

वस्तूला वार्धक्य येते ते सर्वांगाने एकाच वेळी येते असे नाही. पंधरा-वीस वर्षे वापरलेल्या मोटारीचे एंजिन ठणठणीत असते, चाके सुरळीत फिरत असतात. आणि तरीही एके दिवशी आतील छताचे कापड सुटून मागे बसणाऱ्याच्या डोक्यावर टेकू लागते. प्रारंभी त्याचे हसू येते. पुढे तेच कापड मागच्या काचेआड येते, आरशात पाठीमागची वाहने दिसेनाशी होतात, आणि जी केवळ शोभेची बाब वाटली होती ती सुरक्षिततेची होऊन बसते. कोणी टाचण्या टोचून कापड वर धरतो. कोणी एवढ्या एका उणिवेपायी चांगली गाडी कवडीमोलाने विकून टाकतो. वास्तविक, हा दोष कशामुळे उत्पन्न होतो हे नीट ध्यानी घेतले, तर दोन दिवसांची सुटी आणि थोडी चिकाटी यांच्या बळावर त्याचे निवारण घरच्या घरी करता येण्याजोगे आहे.

पूर्वीच्या मोटारींत हे अस्तर चिकटवलेले नसे. अँबॅसडरसारख्या गाडीच्या छताखाली आडव्या तारांच्या कमानी असत. अस्तराला शिवलेल्या नेफ्यांतून त्या ओवून कापड तंबूसारखे ताणून बसवीत. ते फाटे, मळे, पण सहसा लोंबत नसे. पुढे रचना बदलली. साच्यात दाबून छताच्या आकाराचा एकसंध पुठ्ठा घडवावा, त्यावर फोमचा पातळ थर आणि फोमवर कापड चिकटवावे, अशी रीत रूढ झाली. पुठ्ठा आकार देतो, कापड शोभा देते, आणि मधला फोम स्पर्शाला मऊपणा देऊन पुठ्ठ्याचे उंचसखलपण झाकतो. गॅरेजवाले ज्याला रूफ लायनिंग म्हणतात ते हेच.

या तिघांपैकी दगा देतो तो फोम. तो पॉलियुरेथेन नावाच्या पदार्थाचा असतो. या पदार्थाचा शोध १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. फोम हलका व लवचिक खरा, परंतु चिरंजीव नव्हे. हवेतील दमटपणा, प्राणवायू आणि उष्णता यांच्यामुळे त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. बाहेर ४० अंश सेल्सिअस तापमान असता उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतील हवा ६० अंशांच्याही पुढे जाऊ शकते, आणि छताचा पत्रा त्याहून अधिक तापतो. वर्षानुवर्षे असे भाजून निघाल्यावर फोमचा भुगा होतो. सुटलेल्या कापडाच्या आतील बाजूवरून बोट फिरवावे. पिवळसर, चिकट पूड हाताला लागली तर निदान पक्के झाले असे समजावे.

हे निदान महत्त्वाचे आहे, कारण बहुतेक घरगुती उपाय फसतात ते इथेच. सुटलेल्या कापडामागे पिचकारीने डिंक सोडला तर तो डिंक कापडाला धरतो आणि भुग्याला धरतो. भुगा मात्र पुठ्ठ्याला धरीत नाही. धुळीच्या भिंतीवर कागद चिकटवावा तसाच हा प्रकार. टाचण्यांनी चार महिने निभतात, पण कापडाला भोके पडतात. म्हणून जुने कापड पुन्हा चिकटवण्याचा मोह सोडून, फोमचे अस्तर असलेले नवे कापड आणणे हाच खरा मार्ग होय. नुसते पातळ कापड लावल्यास पुठ्ठ्यावरील प्रत्येक खड्डा व ओरखडा वर उठून दिसतो. पुठ्ठ्याच्या वळणावरून माप घ्यावे आणि चोहोबाजूंनी वीतभर कापड अधिक धरावे.

काम आरंभण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य पाहावी. ज्या गाडीच्या खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग बसवलेल्या असतात, तिचे छत घरी उतरवू नये. ते काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. इतर गाड्यांत प्रथम बॅटरीची ऋण तार सोडवावी. मग सनव्हायझर, धरण्याच्या मुठी, आतला दिवा आणि खांबांवरील प्लॅस्टिकची आवरणे क्रमाने काढून प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पुडीत नाव लिहून ठेवावे. पुठ्ठा दोघांनी मिळून, आसने मागे पाडून, सावकाश बाहेर काढावा. तो एकदा दुमडला की ती घडी कायमची.

आता खऱ्या कष्टाचा भाग येतो. जुने कापड ओढून काढल्यावर पुठ्ठ्यावर राहिलेला फोम ताठ ब्रशाने घासून पार काढून टाकावा. या वेळी नाकातोंडाला मास्क बांधावा. तळहात फिरवला असता पूड लागेनाशी होईपर्यंत घासणे थांबवू नये. एकंदर श्रमाचा मोठा वाटा याच पायरीवर खर्ची पडतो, आणि छत पुढे किती वर्षे टिकणार हे इथेच ठरते.

चिकटवण्यासाठी उष्णता सोसणारे रबरी सोल्यूशन घ्यावे. पाण्यात कालवलेला पांढरा डिंक पुठ्ठ्याला ओलसर करून वाकवतो, तर हलक्या प्रतीचे फवारे उन्हात मऊ पडतात. सोल्यूशनची वाफ पेट घेणारी असते; म्हणून काम उघड्यावर, सावलीत, विस्तवापासून दूर करावे, आणि पावसाळी दिवस टाळावा. कापड पुठ्ठ्यावर नीट पसरून अर्धे मागे दुमडावे. पुठ्ठा आणि फोम या दोन्हींना पातळ हात द्यावा, आणि बोटाला चिकटेनासे होईपर्यंत थांबावे. मग मध्यापासून कडेकडे तळहाताने कापड बसवीत जावे. खोलगट जागी ते आधी तळाशी टेकवावे. वरून ताणून नेल्यास तेथे पोकळी राहते आणि पहिल्या उन्हाळ्यातच तेथून कापड सुटते. उरलेला अर्धा भाग याच रीतीने करावा. कडा मागे वळवून चिकटवाव्या, दिव्याच्या व मुठींच्या जागी फुलीच्या आकाराचा छेद द्यावा, आणि रात्रभर वाळू देऊन दुसऱ्या दिवशी पुठ्ठा जागेवर चढवावा.

या साऱ्यात विशेष कौशल्याची गरज फार थोडी. नवे कापड बसवण्याचे काम तासाभराचे असते आणि ते सर्वांना दिसते. जुना भुगा निपटून काढण्यात सबंध सकाळ जाते आणि ती कोणाच्याही दृष्टीस पडत नाही. परंतु ज्याने ती सकाळ वाचवली, त्याला वर्षा-दोन वर्षांत हेच काम पुन्हा हाती घ्यावे लागते.