नवीन हॉटेल, नवी गाडी: पहिल्यांदा खायला जाताना काय बघायचं?

ज्यांना ऐकायला वेळ नाही, किंवा लोकलमध्ये आणि पीएमपीच्या बसमध्ये हेडफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहून काढलाय. बोलण्यातलं 'म्हणजे ना' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तितकं गाळलंय. राहिलं असेल तर चालवून घ्या.

आजचा विषय पोटाचा. मी मूळचा सोलापूरचा, नोकरी हिंजवडीत. वाकड, बाणेर, बालेवाडी या पट्ट्यात दर महिन्याला काहीतरी नवीन उघडतं. कुठे छोटं हॉटेल, कुठे टेम्पोवर बांधलेला फूड ट्रक, कुठे साधी हातगाडी. तरी संध्याकाळी सात वाजता ऑफिसखाली चौघं जमतात, 'आज कुठे?' यावर दहा मिनिटं चर्चा होते आणि पाय नेहमीच्याच ठिकाणी वळतात. नवीन गाडीवाला समोर उभा राहून आपल्याकडे बघत असतो, आणि तीन महिन्यांनी ती जागा रिकामी दिसते.

मग नवीन ठिकाणी जावं की नाही? गेलो तर पैसे आणि पोट, दोन्ही सांभाळून कसं जावं? आज एवढंच बघू.

नेहमीचं की नवीन: थोडं गणित

कॉम्प्युटर सायन्समध्ये या प्रश्नाला 'एक्सप्लोर-एक्सप्लॉइट' म्हणतात. जे माहीत आहे त्याचा फायदा घ्यायचा, की नवीन शोधायला वेळ घालवायचा? यावर भारी भारी अल्गोरिदम आहेत. आपल्याला लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा एक सोपा नियम पुरेल. जितक्या वेळा चांगलं मिळालं त्यात १ मिळवा, एकूण जितक्या वेळा गेलात त्यात २ मिळवा, आणि भागा.

तुमच्या नेहमीच्या ठिकाणी १० वेळा गेलात, ८ वेळा मजा आली. ९ भागिले १२, म्हणजे ७५ टक्के. आता कोपऱ्यावरच्या नवीन गाडीवर तुमचे दोन मित्र एकेकदा जाऊन आले आणि दोघांनाही आवडलं. ३ भागिले ४, म्हणजे पुन्हा ७५ टक्के! फक्त दोन विश्वासू माणसांच्या शब्दावर नवीन गाडी जुन्या हॉटेलच्या बरोबरीला आली.

शिवाय नवीन ठिकाण चांगलं निघालं तर फायदा एका संध्याकाळपुरता राहत नाही, पुढे तिथे राहाल तोवर मिळत राहतो. म्हणून माझा हिशेब ११ महिन्यांच्या भाडेकरारावर चालतो. नवीन एरियात राहायला आलात की पहिले दोन महिने भरपूर शोधा. करार संपत आला, घर बदलायचं ठरलं, की शेवटचा महिना आवडत्या ठिकाणांना द्या.

हाच नियम रेटिंगलाही लावा. १२ जणांनी मत दिलंय आणि १२ पैकी १२ खूश, तर १३ भागिले १४, सुमारे ९३ टक्के. दुसरीकडे २००० पैकी १९०० खूश, तर सुमारे ९५ टक्के. म्हणजे पाचपैकी पाच दिसणारं नवीन हॉटेल खरं तर जरा मागेच आहे. त्यात पहिले १२ जण बहुतेक मालकाचे मित्र आणि मावसभाऊ असतात, हेही धरून चाला. वाईट काही नाही त्यात, आपण पण आपल्या मित्रासाठी तेच करू.

आणि रील्स? खाणं फुकट मिळालं असेल किंवा पैसे घेतले असतील तर तसं स्पष्ट सांगणं इन्फ्लुएन्सरवर बंधनकारक आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. व्हिडिओत तसा उल्लेख नाही आणि प्रत्येकच घासाला डोळे मिटले जातायत, तर तो व्हिडिओ पत्ता शोधायला वापरा, चव ठरवायला नको.

कधी जायचं

उद्घाटनाच्या आठवड्यात नको. तेव्हा गर्दी ओळखीच्यांची असते, पोरं नवीन असतात, ऑर्डरी उलटसुलट होतात. शनिवार-रविवारही नको. मंगळवार-बुधवारची संध्याकाळ, साडेसातच्या आसपास, हे बेस्ट. तवा तापलेला असतो, गर्दी सुरू झालेली असते, पण मालकाला दोन शब्द बोलायला सवड असते.

आपल्याकडचं कॅलेंडरही बघा. नवीन मटणवाल्याची परीक्षा गटारीला घेऊ नका, त्या दिवशी भलेभले गडबडतात. श्रावणात पण नको, कारण गिऱ्हाईक कमी असतं आणि सकाळचा रस्सा रात्रीपर्यंत पुरवला जाण्याची शक्यता जास्त. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत तर गाडीपर्यंत पोचणं हीच परीक्षा.

ऑर्डर करण्याआधीची दोन मिनिटं

मेन्यूची लांबी बघा. ट्रकमध्ये एक फ्रिज, दोन शेगड्या आणि दोन माणसं. त्यात सहा पदार्थ असतील तर माल रोज संपतो, रोज नवीन येतो. साठ पदार्थ असतील, पिझ्झा ते पनीर टिक्का ते पास्ता, तर बरंच काही फ्रिजमध्ये दिवस काढत असणार.

मग तेल. तळणाच्या तेलात 'टोटल पोलर कंपाउंड्स' २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायचं नाही, असा एफएसएसएआयचा नियम १ जुलै २०१८ पासून आहे. आपण काही मीटर घेऊन जात नाही. पण तेल काळपट झालंय, नीट तापायच्या आधीच धूर येतोय, वर फेस राहतोय, एवढं डोळ्यांना कळतं. वडा वर्तमानपत्रात देत असतील तर प्लेट मागा. छपाईची शाई खाण्यात उतरते, म्हणून त्याविरुद्धही एफएसएसएआयने वेळोवेळी इशारे दिलेत.

चायनीजच्या गाडीवर मी सगळ्यात आधी भाताचं पातेलं बघतो. भात शिजवून तासन् तास उघड्यावर ठेवला की त्यात 'बॅसिलस सेरियस' नावाचा जीवाणू वाढू शकतो. त्याचे बीजाणू शिजवतानाही मरत नाहीत. आणि त्याने एकदा भातात विष सोडलं की पुन्हा कढईत कितीही परतलं तरी ते जात नाही. 'गरम करून दिलंय ना, मग काय होतंय' हा युक्तिवाद इथे चालत नाही. शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणून भात एकतर थंड जागेत हवा, नाहीतर गर्दी इतकी हवी की पातेलं झटपट रिकामं होतंय. रात्री साडेअकराला तळाशी उरलेल्या भाताचा ट्रिपल शेजवान नको.

आता परवाना. गाडी असो की हॉटेल, १४ आकडी एफएसएसएआय नंबर हवा. नंबर १ ने सुरू झाला तर लायसन्स, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यवसायाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचा कोड १५. त्यापुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २१५२५ अशी सुरुवात दिसली की समजायचं, महाराष्ट्रातली छोटी नोंदणी, २०२५ सालची. हा नंबर बिलावर छापणंही १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे. शंका आली तर फॉसकॉस पोर्टलवर नंबर टाकून बघता येतो. नंबर असला म्हणजे चव चांगली, असं मात्र नाही. कुणीतरी जबाबदारी घेतलीय, एवढंच.

पहिल्यांदा काय मागवायचं

माझा नियम: एक पाया, एक खासियत, आणि दोन्ही हाफ प्लेट.

पाया म्हणजे ज्यात लपवायला जागा नसते असा पदार्थ. डोसेवाल्याकडे साधा डोसा आणि चटणी. मिसळवाल्याकडे फरसाण पडायच्या आधी वाटीत मागितलेला कट. सोलापुरी म्हणवणाऱ्या ठिकाणी मी शेंगाचटणी आणि गरम भाकरी मागतो. चटणीत तेल सुटलंय का, शेंगदाणा नीट कुटलाय का, भाकरी तव्यावरून येतेय की डब्यातून, यावरून बाकीच्या मेन्यूचा अंदाज येतो. चीझ, मेयो, शेजवान सॉस या तीन गोष्टी सगळ्या चुका झाकतात. म्हणून पहिल्या भेटीत त्या टाळायच्या.

खासियत मात्र मालकालाच विचारा. 'काका, तुमच्याकडे लोक काय खायला परत येतात?' 'काय चांगलं आहे?' असं विचारलं तर उत्तर येतं, 'सगळंच चांगलं आहे.' परत येण्याबद्दल विचारलं की माणूस क्षणभर थांबून खरं सांगतो.

पहिली भेट ॲपवरून नको. ॲपवाले प्रत्येक ऑर्डरवर कमिशन घेतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी ॲपवरचा भाव काउंटरपेक्षा जास्त असतो. शिवाय डब्यात वाफ धरते आणि थालीपीठ २५ मिनिटांत ओल्या पुठ्ठ्यासारखं होतं. त्यावरून स्वयंपाक्याला नावं ठेवणं अन्याय आहे.

बिलाबद्दल दोन वाक्यं. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने हे २०२२ मध्ये सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते कायम ठेवलं. आणि बिलावर 'कंपोझिशन' असं लिहिलेलं असेल, तर तो दुकानदार तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेऊ शकत नाही.

गाडीवाल्याच्या बाजूने हिशेब

आता दुसरी बाजू. एक काल्पनिक पण साधा हिशेब करू. समजा एका फूड ट्रकचा जागा, गॅस, दोन माणसांचा पगार आणि कर्जाचा हप्ता मिळून रोजचा ठरलेला खर्च ३,००० रुपये. प्रत्येक प्लेटमागे माल वजा जाता ४० रुपये सुटतात. म्हणजे रोज ७५ प्लेट गेल्या तर तो शून्यावर. धंद्याचे चार तास धरले तर दर सव्वातीन मिनिटांना एक प्लेट. ७६ व्या प्लेटपासून त्याची कमाई सुरू.

शनिवारी १५० प्लेट जातात हो, पण मंगळवारी ३० जातात. आणि ३० प्लेटच्या दिवशी उरलेला माल फेकायचा की उद्या वापरायचा, हा प्रश्न त्याच्यासमोर उभा राहतो. म्हणजे गर्दी नसणं आणि शिळं मिळणं या एकाच साखळीच्या कड्या आहेत. चांगला माणूस माल फेकतो आणि तोट्यात जातो. दुसरा वापरतो आणि गिऱ्हाईक घालवतो. आपण मंगळवारी गेलो तर आपल्याला ताजं मिळतं आणि त्याची साखळी तुटते. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं.

त्यात जागेची अनिश्चितता. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, विक्री प्रमाणपत्र, नगर पथविक्रेता समिती हे सगळं लिहिलेलं आहे. पण प्रत्यक्षात गाडी आज इथे तर उद्या पुढच्या चौकात. लॉस एंजेलिसमध्ये २००८ साली 'कोगी' नावाच्या कोरियन टाकोच्या ट्रकने ट्विटरवर रोजची जागा सांगायला सुरुवात केली आणि लोक ट्रकमागे फिरू लागले. आपल्याकडे तेच काम इन्स्टाची स्टोरी आणि व्हॉट्सॲप स्टेटस करतं. आवडलेल्या गाडीचा नंबर सेव्ह करून ठेवा, नाहीतर एक दिवस ती हरवेल.

आवडलं नाही तर?

आधी तिथेच सांगा, हळू आवाजात. 'रस्सा छान आहे, मीठ जरा जास्त झालंय.' नवीन माणूस हे ऐकून घेतो, कारण त्याला ते कुणीच सांगत नसतं. चवीची तक्रार असेल तर महिन्याभराने दुसरी संधी द्या. स्वच्छतेची असेल तर नाही. रिव्ह्यू लिहिलात तर काय खाल्लं, कोणत्या वारी, किती वाजता, किती रुपयांत, हे लिहा. 'बकवास' या एका शब्दाने वाचणाऱ्याला काही कळत नाही आणि करणाऱ्याचं महिन्याचं गणित बिघडतं.

या आठवड्याचं काम सोपं आहे. मंगळवारी किंवा बुधवारी एक नवीन ठिकाण, दोन हाफ प्लेट, आणि तो एक प्रश्न: लोक काय खायला परत येतात? मिळालेलं उत्तर आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. चांगली उत्तरं पुढच्या एपिसोडमध्ये लावू. तोपर्यंत खात राहा, ऐकत राहा!