‘लोथ’ आणि ‘लोद’

बी. ए.च्या वर्गात मी एकदा इंग्रजीतील एक वाक्य भाषांतराला दिले. शहरातील घरमालक दलितांना खोली भाड्याने द्यायला ‘लोथ’ होते, असे ते वाक्य. एका विद्यार्थिनीने लिहिले, ‘घरमालक दलितांचा तिटकारा करीत होते.’ मी त्यावर लाल रेघ मारली. व्याकरणाच्या दृष्टीने माझे बरोबर होते. तरी ती रेघ मला अजून टोचते.

‘लोथ’ हे विशेषण. अर्थ नाखूश, मनातून राजी नसलेला. ते बहुधा पुढे क्रियापद घेऊन येते. ‘ही वॉज लोथ टू गो’ म्हणजे जाणे त्याच्या अगदी जिवावर आले होते. त्याच शब्दाच्या शेवटी ‘ई’ हे अक्षर लावले की ‘लोद’ हे क्रियापद होते. त्याचा अर्थ तिटकारा करणे, किळस येणे. मुरलेले लेखकही येथे चुकतात.

याचे कारण दोन्ही शब्दांचे मूळ एक आहे. जुन्या इंग्रजीत ‘लोथ’च्या पूर्वरूपाचा अर्थ वैरी, द्वेष वाटावा असा होता. पुढे शब्दातला द्वेष झिजला व नाखुशी उरली. शब्द सौम्य झाला. समाजही तसाच सौम्य झाला, असे मात्र नाही.

महाडचेच पाहा. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले ठराव संमत झाला. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तरी अस्पृश्यांना पाणी घेता येईना. तेव्हा कोणी लिहिले असते, ‘सवर्ण अजून नाखूश आहेत.’ २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या लोकांसह ते पाणी प्राशन केले. त्यानंतर सत्याग्रहींना मारहाण झाली आणि सनातन्यांनी तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. नाखुशीखाली काय दडले होते, ते त्या दिवसांत उघडे पडले.

म्हणून अहवाल लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. ‘लोथ’ ही मनाची अवस्था आहे. नकार ही कृती आहे. कुरकुरत का होईना, खोली दिली असेल तर ‘लोथ’ लिहा. दिलीच नसेल तर ‘रिफ्यूज्ड’, म्हणजे ‘नाकारली’, असेच लिहा. त्या मुलीचा शब्द चुकला होता. वाक्याने काय झाकले आहे, हे मात्र तिने माझ्याआधी ओळखले होते.