प्रेमकथेतील दुबळी माणसे

प्रेमकथा फसली की वाचक बहुधा कथानकाला दोष देतात. शेवट आधीच कळला, योगायोग फार झाले, खलनायक एकाएकी सुधारला, अशा त्यांच्या तक्रारी असतात. या तक्रारी खऱ्या असल्या तरी त्यांचे मूळ पुष्कळदा पात्रांत सापडते. ज्या माणसाला स्वतःचे मत, भय, लोभ, नातीगोती आणि कामधंदा नाही, त्याला लेखक हवे तिकडे वळवू शकतो, आणि हे वळवणे जितके सोपे होते तितके त्या माणसाच्या प्रेमाविषयीचे वाचकाचे कुतूहल कमी होते. मराठी कादंबरीच्या पहिल्या चार दशकांत हा दोष, त्याचे कारण आणि त्यावरचा उपाय या तिन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात.

बाबा पदमनजी यांच्या 'यमुनापर्यटन' (१८५७) या कादंबरीने हिंदू विधवांच्या हालांना विषय केले होते. परंतु तिच्या पाठोपाठ लोकप्रिय झाला तो अगदी वेगळा प्रकार. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्या होत. ज्या कथांत सद्गुणी व रूपवान नायक-नायिकांवर विलक्षण संकटे कोसळतात, आश्चर्यकारक योगायोग घडतात आणि अखेरीस सर्वांचे कल्याण होते, त्यांना समीक्षक हे नाव देतात. असे का लिहावे लागते, याचे कारण रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत उघडपणे सांगितले आहे. विवाहाच्या रूढीमुळे आणि इतर काही कारणांमुळे हिंदूंच्या आयुष्यात मनोरंजक असे गुण वा अवगुण आढळत नाहीत, रोजच्या अनुभवातले लिहिले तर त्यात चित्त वेधून घेण्यासारखे काही राहत नाही, आणि म्हणून करमणुकीचे पुस्तक लिहायचे तर अद्भुताकडेच वळावे लागते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे.

या युक्तिवादात एक सामाजिक सत्य आहे. मुलामुलींची लग्ने बालपणीच आणि वडीलधाऱ्यांच्या इच्छेने होत असतील, तर परस्परांना पाहणे, पारखणे आणि निवडणे या प्रेमकथेच्या नेहमीच्या पायऱ्या लेखकाला आसपास दिसणार नाहीत. मात्र या सत्यावरून काढलेला निष्कर्ष कादंबरीला महागात पडला. नायक घरादारापासून आणि व्यवहारापासून तोडला की त्याच्याजवळ सद्गुणांखेरीज काही उरत नाही. नायिकेला निर्णय घ्यायचाच नसला की तिच्या वाट्याला केवळ रूप आणि सहनशीलता येते. पात्राच्या अंगी गती नसल्यामुळे कथा पुढे नेण्यासाठी नवे संकट आणावे लागते आणि ते संपवण्यासाठी आणखी एक योगायोग. भाषेची दुर्बलताही येथूनच सुरू होते, कारण ज्या भावना पात्राच्या वागण्यातून प्रकट होत नाहीत त्या विशेषणांनी सांगाव्या लागतात, आणि एक विशेषण अपुरे पडले की दुसरे जोडावे लागते. संवादांचेही तेच होते. सगळ्या पात्रांना लेखकाचाच आवाज मिळतो आणि ती एकमेकांशी बोलण्याऐवजी वाचकाला ऐकवण्यासाठी बोलू लागतात.

हा दोष त्या काळच्या जाणकारांच्या नजरेतून सुटला नव्हता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ साली 'नावल व नाटक ह्यांविषयीं निबंध' लिहून या वाङ्मयाची चिकित्सा केली. मराठीतील कादंबरीसमीक्षेच्या आरंभीच्या लेखनात त्याची गणना होते. खरे उत्तर मात्र एका कादंबरीनेच दिले. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली सुरू केलेल्या 'करमणूक' या साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. तिची निवेदक, म्हणजे कथा स्वतःच्या तोंडून सांगणारे पात्र, यमू ही बालवधू आहे. ज्या विवाहरूढीत रिसबुडांना लिहिण्याजोगे काही दिसले नाही, तिच्याच आत आपट्यांनी यमू आणि रघुनाथराव यांचे प्रेम दाखवले. लग्न आधी होते आणि ओळख नंतर. सासरच्या एकत्र कुटुंबापासून दूर, मुंबईच्या बिऱ्हाडात, तिच्या शिकण्यातून आणि दोघांच्या बोलण्यातून ती ओळख वाढत जाते. पुढे तिच्यावर वैधव्य कोसळते आणि बळजबरीने तिचे केशवपन केले जाते, तेव्हा वाचकाला होणारी वेदना कोणत्याही विशेषणावर अवलंबून नसते, कारण काय हरपले हे त्याने पाहिलेले असते.

विसाव्या शतकात ना. सी. फडके यांनी प्रणयकथेला सफाई दिली आणि 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथात कादंबरीच्या तंत्राची, म्हणजे कथानकाची बांधणी, उत्कंठा आणि पात्रयोजना यांची, मांडणी केली. त्यांची लालित्यपूर्ण भाषा हा खरा गुण होता. परंतु तंत्र शिकून घेता येते आणि माणसांचे निरीक्षण मात्र प्रत्येक लेखकाला स्वतःच करावे लागते, त्यामुळे पुढे साच्यातली पात्रे घेऊन लिहिलेल्या प्रणयकथांचे पीक आले.

आजच्या लेखकाला रिसबुडांची सबबही उरलेली नाही. नंदुरबार तालुक्यातील रनाळ्यासारख्या खानदेशी गावात दोन तरुण माणसांची प्रेमकथा कल्पिली, तरी तिच्यासाठी राजवाडा लागत नाही. घरी अहिराणी बोलणारी मुलगी महाविद्यालयात प्रमाण मराठी बोलते, तेव्हा मनातली गोष्ट ती कोणत्या भाषेत सांगेल. मिरचीचा किंवा कापसाचा भाव पडलेल्या वर्षी मुलाच्या घरात लग्नाचा विषय कोण काढील. जात वेगळी निघाली तर कोणता मामा समजूत घालील आणि कोणता काका बोलणे टाकील, या प्रश्नांची उत्तरे शोधतानाच पात्रे उभी राहतात. या प्रश्नांना टाळून लिहिलेली कथा गावाचे नाव बदलून कोठेही नेता येते आणि म्हणूनच ती कोणाचीच होत नाही.

ग्रामीण वाचकाच्या हाती पुस्तके मोजकीच पोहोचतात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमामुळे गावोगावच्या वाचनालयांना शासकीय मान्यतेचा आणि अनुदानाचा आधार मिळाला, तरी लहान वाचनालयाच्या कपाटात आलेले प्रत्येक निकृष्ट पुस्तक एका चांगल्या पुस्तकाची जागा अडवते. प्रेमकथा वाचणारा वाचक हलक्या अभिरुचीचा असतो, हा समज अन्यायकारक आहे; आयुष्यातील सर्वांत मोठ्या निर्णयाविषयी तो काही जाणून घेऊ पाहत असतो. त्याला खरी माणसे देणे हे लेखकाचे कर्तव्य आहे, आणि ती मिळाली नाहीत तर तसे स्पष्ट म्हणण्याचा वाचकाचा अधिकार मराठीत १८७२ पासून चालत आलेला आहे.